रेणुकादास सरांनी तपासलेलं जॅझ

लातूरच्या रेणुकादास सरांना दोनच गोष्टी झकास जमत: क्लासमध्ये फिजिक्स शिकवणं आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना नावं ठेवणं. गावातल्या एका साप्ताहिकात ते संगीताची समीक्षा लिहीत. मैफलीला मात्र हा गडी कधी जायचा नाही. त्र्याण्णवच्या भूकंपापासून सभागृहाच्या स्लॅबखाली बसायला घाबरायचा. लोकांना सांगायचं, "गर्दीत कान बाटतात." आणि घरी पत्र्याखाली कॅसेट लावून भल्याभल्यांची सालटी काढायची. वा रे समीक्षक!

टीव्हीच्या कपाटावर स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे रचलेले. जमीन हलली की ते पडणार, पडले की सर बाहेर. भूकंपानंतर गल्लीत घरोघर असे पेले होते. नऊ वर्षांत बाकीच्यांनी ते उतरवून त्यातून पाणी प्यायला सुरुवात केली. सरांनी नाही.

एकुलता एक यज्ञेश बारावीला आपटला आणि पुण्याला जाऊन ड्रम वाजवू लागला. हजार पोरं डॉक्टर करणाऱ्या बापाचं नाक कापलं! दोन वर्षं सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्यानं आपल्या जॅझच्या कार्यक्रमाची व्हिडिओ सीडी पाठवली. सोबत आईला चिठ्ठी: "बाबांनी शिव्या लिहिल्या तरी चालतील, पण शेवटपर्यंत ऐकून लिहावं. तेवढं केलं तर दिवाळीला घरी येईन."

त्याच्या आईनं, सौदामिनीबाईंनी, चार दिवस मनधरणी केली. रविवारी दुपारी सर एकदाचे टीव्हीसमोर बसले. हातात वही आणि लाल पेन, जसा काही चाचणीचा गठ्ठाच पुढ्यात.

"मधेच टाळ्या? शिस्त नाही. दोन मार्क कट."

"अहो, ऐका तरी."

"काय ऐकू? एकानं सूर धरला की दुसरा भलतीकडंच. पिपाणीवाला तर घाम पुसत बसलाय. हे काय संगीत हाय?" सरांनी वहीवर फराटा ओढला. "आणि सम कुठंय सम?"

सम काही सापडेना. ती पकडायला सरांनी आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. नेमके तेव्हाच बाकीचे वादक थांबले, आणि पडद्यावर यज्ञेश एकटा उरला. त्यानं मोठ्या ड्रमवर पाय मारला. कपाट थरथरलं. पेले खळ्ळकन खाली आले.

"भूकंप!" सर बनियनवरच बाहेर पळाले. वही इकडं, चष्मा तिकडं. त्यांचा आरडाओरडा ऐकून गल्ली रस्त्यावर आली.

शेजारचे शिवमूर्ती चहूकडं बघत म्हणाले, "काय हललं ओ सर? आमच्याकडं तर काहीच न्हाई."

घरातून ड्रमचा आवाज येतच होता. लोकांनी आत डोकावलं आणि काय हसले म्हणता! शिवमूर्ती तेवढे हसले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी त्या पहाटेही सर असेच एकटे रस्त्यावर उभे होते. ते बाहेर पळाल्यावर मागं दार अडकलं होतं, त्यांची बायको आणि अकरा वर्षांचं पोर आत होतं. पोरानं परातीवर पळी बडवून बडवून हाक दिली, आणि दार फोडलं ते शिवमूर्तींनी.

सर मान खाली घालून आत आले, तेव्हा कार्यक्रम संपला होता. सौदामिनीबाई टीव्हीसमोरून हललेल्या नव्हत्या. डोळे ओले होते.

"तू बाहेर का नाही आलीस?"

"माझं पोर वाजवत होतं. आणि तुम्ही तेव्हा तरी कुठं आमच्यासाठी थांबला होता?"

बाईंनी खाली पडलेला पेला उचलला, धुतला, पाणी भरून त्यांच्यापुढं ठेवला. मग लाल पेन घेतलं, कापलेल्या मार्कांखाली दोन ओळी लिहिल्या आणि तेवढं पान फाडून पुण्याच्या पाकिटात घातलं.

"तपासणारे मधेच पळाले. मी शेवटपर्यंत ऐकलं. दिवाळीला ये."