रहिमान आर्ट्स, कराड
उसाच्या ट्रॉलीवर वाघ हवा असला, की लोक थेट रहिमानकडे यायचे. मागच्या फळीवर वाघ, वर मालकाच्या पोरांची नावं आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रहिमान आर्ट्स, कराड’. पेंटर मंडळींचा हा रिवाजच. काम कितीही किरकोळ असो, खाली स्वतःचं नाव टाकल्याशिवाय ब्रश धुवायचा नाही. मग फ्लेक्स आले, वाढदिवसाचे दादा-भाऊ चौकाचौकांत झळकू लागले आणि रहिमानचे डबे वाळून गेले.

त्याचा जिवलग दोस्त सिद्धू. जतच्या मेंढपाळाचा पोरगा, साखर कारखान्यात कामाला म्हणून कराडला आलेला. त्यानंच एक एजंट शोधला. एजंटनं कागद जमवले आणि जन्मात समुद्र न पाहिलेले हे दोन बहाद्दर तेलाच्या जहाजावर खलाशी झाले.

जहाज कुणाचं, तेल कुठलं, हे विचारायचं नाही, एवढं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बड्या देशांनी ज्या मुलुखाच्या तेलावर बंदी घातली होती, तेच तेल आपण लपवून वाहतोय, हे त्यांना फार उशिरा कळलं. एके सकाळी भर समुद्रात मुकादमानं रंगाचे डबे दिले आणि जहाजाचं नाव बदलायला सांगितलं. जहाजाच्या मागच्या बाजूला दोरावर टांगलेल्या फळीवर रहिमान बसला, वरून दोर सिद्धूनं सांभाळला. खरं सांगायचं तर रहिमान त्या दिवशी खूश होता. एवढं थोरलं अक्षर त्यानं कधी काढलं नव्हतं. त्यानं अक्षरांना सावली दिली, कडा ओढल्या आणि सवयीनं खाली कोपऱ्यात मराठीत ‘रहिमान आर्ट्स, कराड’ टाकूनच तो वर आला. मोबाइल नंबर टाकला नाही, हेच नशीब!

गस्तीच्या बोटीनं फोटो काढले, जहाज धरलं. बंदरात नुसतं बसून दिवस ढकलले. मग दोन सरकारांची बोलणी झाली, तेल एका बड्या कंपनीनं उचललं आणि खलाशी घरी आले. आई जन्नतबीनं मोहल्ल्यात साखर वाटली. सुटलो एकदाचा, असं रहिमानला वाटलं.

तेव्हा साहेब आला. साधा शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, मी तेल कंपनीच्या सुरक्षा विभागाचा. पण चौकीत याला बघून फौजदार खुर्ची सोडून उठतो, हे रहिमाननं पाहिलं होतं. कंपनी कुठं संपते आणि सरकार कुठं सुरू होतं, ते त्या साहेबाला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

साहेबानं जहाजाच्या नव्या नावाचा फोटो पुढ्यात ठेवला, खाली कोपऱ्यात ‘रहिमान आर्ट्स, कराड’ स्पष्ट दिसत होतं. “अक्षर सुंदर आहे हो तुमचं. त्या मालकाची अजून जहाजं आहेत. तुम्ही आणि तुमचा जतचा मित्र, पुन्हा जा. नावं रंगवा, आणि प्रत्येक नवं नाव आम्हाला कळवा. कुणावर बंदी घालायची आणि कुणाशी जुळवून घ्यायचं, ते वरची माणसं त्यावरून ठरवतात.”

“आनि न्हाई म्हटलं तर?”

“तर हा फोटो कोर्टात.”

“सिद्धूला ह्यात ओढू नका, साहेब. त्यो न्हाई यायचा.”

“ते आमच्यावर सोडा. शुक्रवारी येतो.”

साहेब गेला. जहाजावर एक आचारी होता, जरा जास्त बोलायचा. एका सकाळी तो जहाजावर नव्हताच, आणि कुणी त्याची चौकशीही केली नाही. खबर देणाऱ्याचं तिथं काय होतं, हे रहिमानला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो नदीच्या संगमावर जाऊन बसायचा आणि आपल्याच उजव्या हाताला शिव्या घालायचा. घरी आला, की जन्नतबी विचारायची, “काय रं, जेवत न्हाईस, बोलत न्हाईस. झालंय तरी काय?”

“काय न्हाई गं अम्मा.”

शेवटी त्याचं ठरलं. नाही म्हणायचं. जेल तर जेल. तिथं अम्मा भेटायला तरी येईल. आणि सिद्धू वाचेल, हे सगळ्यात मोठं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

शुक्रवारी साहेबाच्या आधी सिद्धूच दारात हजर. पायात नवे बूट, खांद्याला पिशवी.

“ठरलं म्हनायचं गड्या शेवटी!”

“काय ठरलं?”

“साहेब आलता की जतला. मी न्हाईच म्हनत हुतो. लय भ्या वाटलं बघ, त्यो आचारी आठवला. पर साहेब म्हनला, रहिमान हो म्हनलाय. मग तुला एकट्याला कसा सोडू? सही केली, पासपोर्टबी देऊन टाकला.”

रहिमाननं मनात हिशेब मांडला. सिद्धूला खरं सांगितलं, तरी त्याची सही आता पुसायची नाही. हा भोळा गडी एकटा जाईल, आणि तेही एका खोट्यावर विश्वास ठेवून.

जन्नतबी चहा घेऊन बाहेर आली. “दोगं संगं असला की मला घोर न्हाई बघा,” ती म्हणाली.

सिद्धू त्याच्याकडे बघत होता. “का रं? हो म्हनलायस न्हवं?”

“व्हय तर,” रहिमान म्हणाला. “मीच सांगितलं साहेबाला.”