ताईचं काम चाललंय

झाकण हरवलेले डबे घरात साठत जातात, तसे आईच्या पुरस्काराचे किस्से आमच्याकडे साठलेत. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत.

आई कल्याणला एका संस्थेचा मॉन्टेसरी बालवर्ग चालवते; मुलं तिला ताई म्हणतात. माझी शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसते. वर्गात बाक नाहीत. प्रत्येक मूल आपली चटई पसरतं आणि हवं ते काम घेऊन बसतं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना हे पटत नाही. आईने याच पद्धतीवर एम.एड.चा प्रबंध लिहिलाय आणि ठाण्याची एक दुसरी संस्था अशा प्रबंधांना पुरस्कार देते. पदवीनंतर तीनच वर्षं अर्ज करता येतो. अध्यक्ष म्हणाले, "पुरस्कार मिळाला तर चटया राहू देत. नाहीतर बाक आणू."

*

बक्षिसांमुळे मुलांचं कामातलं लक्ष उडतं, असं प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. कळव्याच्या मामाने नेमकं तेच वाचलं.

"म्हणजे ताई, बक्षीस वाईट असतं हे लिहिल्याबद्दल तुला बक्षीस पाहिजे?"

"मुलांना नको म्हटलंय," आई म्हणाली. "मी बेचाळीसची आहे."

*

पहिल्या वर्षी अर्जासोबत वर्गाचे फोटो पाठवले. त्यांत आई कुठेतरी कोपऱ्यात मांडी घालून बसलेली. शेरा आला, 'शिकवणे दिसत नाही.'

दुसऱ्या वर्षी आईने फळा उसना आणला, हातात खडू घेतला आणि माझ्याकडून फोटो काढून घेतला. शेरा आला, 'मॉन्टेसरी दिसत नाही.'

*

वर्गात एक नियम आहे. चटईवर काम चालू असेल तर तिच्यावर पाय द्यायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. एकदा अध्यक्ष पाहणीला आले आणि चार वर्षांच्या ओवीच्या चटईवर उभे राहिले. ओवीने वर न बघता सांगितलं, "आजोबा, पाय." ते चटकन बाजूला झाले. नंतर आईला म्हणाले, "शिस्त नाही मुलांना."

*

तिसऱ्या वर्षी, म्हणजे शेवटच्या वर्षी, मुलाखतीला बोलावलं. मी आईसोबत ठाण्याला गेले, वर्गातल्या गुलाबी ठोकळ्यांची पिशवी सांभाळत. दहा ठोकळे, मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचायचे. परीक्षक सरांनी स्वतः रचून बघितले. मधलाच एक विसरले आणि नऊचा मनोरा करून म्हणाले, "हा एक तुमचा जास्तीचा आलाय."

आई नुसती बघत राहिली. सरांनी तो ठोकळा तिच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, सांगायचंस ना."

"चूक आपली आपल्याला दिसावी लागते," आई म्हणाली. "मी थोडा वेळ देत होते."

*

निकालाचा ईमेल वर्गातच आला. आईच्या फोनवर मीच वाचला. 'आपल्या सहभागाबद्दल अभिनंदन.' पुढे वाचायला काही नव्हतं.

दोन दिवसांनी अध्यक्ष बाकांची मापं घ्यायला सुताराला घेऊन आले, तेही वर्ग चालू असताना. टेप जमिनीवर सरकू लागली तशी मुलं चटया गुंडाळून बाजूला झाली. आई खिडकीखाली जमिनीवर बसली होती. ती रडत होती, पण आवाज करत नव्हती.

ओवीने ते पाहिलं. रॅकमधून आपली चटई आणली, आईच्या समोर पसरली, कोपरे सरळ केले. मग उभी राहून तिने सुताराला आणि अध्यक्षांना हाताने थांबवलं.

"इकडून नाही जायचं. ताईचं काम चाललंय."