कडेगावचं काठोकाठ पिंप

सकाळीच साताऱ्याहून निघाले. पाटणच्या उतारावरची शेतं आदल्या दिवशी उरकली होती, आता कडेगाव. माझं काम सांगायला सोपं आहे. शेताच्या खालच्या टोकाला पिंप पुरायचं आणि पावसानंतर त्यात वाहून आलेलं पाणी, गाळ आणि खत मोजायचं. पिंपात जेवढं जास्त, तेवढं शेतकऱ्याचं नुकसान आणि ओढ्यात घाण.

कडेगावजवळ शालनवहिनी आणि त्यांचे दीर बबनराव यांचा सामाईक ऊस. तोडणीनंतर एका पट्ट्यात वहिनींनी पाचट (उसाचा वाळला पाला) पसरून ठेवलं होतं. शेजारच्या पट्ट्यातलं बबनरावांनी पेटवलं होतं. बाकीच्या रानात काडी लावायची की नाही, ते वळवानंतर पिंपं बघून ठरणार होतं. आदल्या संध्याकाळी वळीव बरसला होता.

पोचले तर दोन्ही पट्ट्यांखाली पुरलेली पिंपं काठोकाठ.

“बघा मॅडम,” बबनराव खुशीत म्हणाले. “पाचट ठिवून वैनीनं नुसतं उंदीर पाळल्यात. लावू का काडी?”

मी वाकून पाहिलं. बबनरावांच्या पिंपात चहासारखं पाणी. वहिनींच्या पिंपातलं पाणी इतकं नितळ, की तळ दिसत होता.

“वहिनी, यात पाणी कुणी ओतलं?”

“आवं, मीच. बोरचं हाय, चांगलं. पाक तळाला गेलं हुतं. सवाशीण बाई एवढ्या लांबनं येनार, आन् तिला रिकामं भांडं दावायचं व्हय?”

“ते रिकामं भांडं हाच तुमचा निकाल होता!”

वहिनींनी कपाळावर हात मारला. बबनराव खो-खो हसले. वहिनींच्या शब्दावर माझा भरवसा होता, पण शब्द प्रयोगशाळेत तपासता येत नाही. माप बाद केलं, दोन्ही पिंपं उपसून धुतली.

“आणखी एक पाऊस होईपर्यंत काडी लावायची नाही,” मी बबनरावांना बजावलं.

“लय लांबला तर न्हाई थांबनार,” ते म्हणाले.

भाकरी, खर्डा आणि ताक घेऊन मी मिरजेकडे निघाले. तिथल्या चिबड (पाणी साचून खारवलेल्या) जमिनी पाहिल्या, गाडी चिखलात रुतवली, ढकलून बाहेर काढली. तिथेच कळलं, कडेगावला पुन्हा जोराचा पाऊस झाला.

परतताना वहिनी बांधावरच उभ्या होत्या, हातात भरलेला तांब्या.

“आदी ह्ये प्या. मंग बगा.”

प्यायले. त्यांनी आपल्या पिंपाचं झाकण काढलं. तळाला जेमतेम घागरभर पाणी. शेजारचं पिंप गढूळ पाण्यानं भरून वाहत होतं. बबनराव बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिले. मग खिशातली काडेपेटी काढून त्यांनी वहिनींपुढे धरली.

“घ्या. चुलीला ऱ्हाऊ द्या.”

“आन् उंदरांचं काय?”

“पाळा आता!”

साताऱ्यात परतल्यावर माझ्या कामात मी एक भर घातली. नव्या शेतात पिंप पुरतानाच घरच्यांना सांगते: पाहुणचाराला तांब्या भरून द्या, पिंप रिकामं दिसलं तर मला आनंदच होईल.