चढ आला की उतरणाऱ्या शालनताई

चढ आला की शालनताई सायकलवरून खाली उतरायच्या. खाडीपुलाचा चढ तसा फार नाही. शाळेची पोरं उभ्याने पॅडल मारत चढून जातात. शालनताई मात्र रक्ताच्या नमुन्यांची पेटी सांभाळत, सायकल हातात धरून पायी चालायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "चढून दाखवलं तर बक्षीस मिळणार आहे का? गुडघा जाईल तेवढा."

ठाण्यातल्या बाळकुमच्या लॅबमधून आम्ही दोघी रोज सकाळी घरोघरी रक्त घ्यायला जायचो. त्या पन्नाशीच्या, खाडीपलीकडच्या कोपर गावाहून येणाऱ्या, मी नवी. महिनाभरातच माझे गुडघे पुढून ठणकायला लागले, तळवे जळायला लागले. नोकरी सोडते म्हणून मी घरी बोललेही होते. एका सोसायटीच्या गेटवर मी गुडघा चोळताना त्यांनी पाहिलं.

"सीट एवढी खाली कुणी केली गं, वर्षा?"

"मीच. सिग्नलला दोन्ही पाय टेकायला बरं पडतं."

"टेकायला दोन मिनिटं, चालवायला चार तास. बस वर."

टाच पॅडलवर ठेवायला लावून, पॅडल खाली गेल्यावर पाय सरळ होईपर्यंत त्यांनी सीट वर घेतली. "आता चवड्याने मार, मधल्या तळव्याने नाही. गिअर हलका ठेव. आणि या मऊ चपला घरात घाल, सायकलवर कडक तळाचे बूट."

दोन-तीन आठवड्यांत दुखणं उतरलं. मी नोकरीत राहिले.

त्यांना स्वतःला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. दहा वर्षं त्यांनी मुलाची जुनी, लहान सायकल चालवलेली. "घरात होती, म्हणून चालवली," एवढंच म्हणायच्या.

गेल्या वर्षी एका इमारतीची लिफ्ट बंद होती. नवव्या मजल्यावर डायबिटीस असलेल्या एक आजी उपाशीपोटी थांबलेल्या. मी जाते म्हटलं, पण आजींची शीर शालनताईंनाच सापडायची. त्या चढल्या, रक्त घेतलं, आणि उतरताना पाचव्या मजल्याच्या पायरीवर खाली बसल्या. उजवा गुडघा वाकेना. वॉचमनने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यानंतर त्या कामावर आल्याच नाहीत.

त्यांची घरंही माझ्याकडेच आली. दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला कोपरला गेले. पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"तुझा गुडघा कसा आहे?"

"बराय."

त्यांनी वाकून माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला. मी कळवळले.

"उद्या सुट्टी घे."

"अकरा घरं आहेत ताई. कोण करणार?"

त्यांनी उशीवरचा आपला पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. मग म्हणाल्या, "मीही दहा वर्षं हेच म्हणत होते, वर्षा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून दोनदा फोन आला. आज येणार नाही, असं दोन्ही वेळा सांगितलं आणि पाय लांब करून तशीच पडून राहिले.