पोत्यातल्या हिरव्या बांगड्या

ते पोतं मी अजून विसरले नाही. बदलापूरच्या पोलीस ठाण्यात ड्युटी होती, उन्हाळा संपत आलेला. खरवईच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला, "मॅडम, पॅसेंजरच्या पोत्यात कवटी आहे. कसम से! माझ्या रिक्षात नको बाबा असलं काही."

पॅसेंजर म्हणजे पन्नाशीचा एक गडी. पाडा धरणात गेल्यावर सरकारी वसाहतीत राहायला आलेला. पंचनामा करून आम्ही पोतं ताब्यात घेतलं, त्याला ठाण्यात आणलं.

"कोणाची हाडं?" गप्प. "कुठून आणलीस?" गप्प.

हवालदार वैतागले, "अरे, खुनाचा गुन्हा लागेल, कळतंय का?"

तरी हा खाली बघत बसलेला. आता माझा अनुभव सांगते, खोटं बोलणारा सहसा गप्प बसत नाही, बोलून बोलून दमवतो. मी पुन्हा पोतं बघितलं. हाडांमध्ये कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, दुकानातला दोरा तसाच. खून करणारा बाजारातून बांगड्या आणेल का हो?

त्या त्याच्यासमोर ठेवून विचारलं, "कोण सवाष्ण गेली तुमच्यात?"

तसा तो रडायलाच लागला. "आय हाय माझी."

त्यांच्यात पुरतात. धरणाची उंची वाढली तेव्हा मसणवट पाण्याखाली गेली. त्या उन्हाळ्यात पाणी हटून ती उघडी पडली होती, पावसात परत बुडणार होती. "वसाहतीत घर दिलं, नळ दिला. पुरायला जागा नाय, म्याडम. घरामागं पुरणार व्हतो. शेजाऱ्यांना कळलं तर उकरून टाकतील."

हाडं बरीच जुनी आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, नातेवाइकांचे जबाबही जुळले. माणूस सुटला. पण आईला नेणार कुठे? धरणाच्या वर त्याच्या मावशीचा पाडा होता.

"तिथे विचार की."

"नाय. दोघी बहिणींचं भांडण. आय मरेतो बोलली नाय."

मग मीच गेले. म्हातारीने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला. "जिती व्हती तवा माझ्या दारात पाय नाय ठेवला. आता यायाचं सुचलं व्हय?" आणि सुनेला हाक मारली, "कुदळ काढ गो. आंब्याखाली माझी जागा धरलीय ना, तिच्या बाजूला खणा."

त्याच धरणाचं पाणी मी आज अंबरनाथला पिते. पाडा उठला तेव्हा घरं मोजली, झाडं मोजली, विहिरीसुद्धा मोजल्या. गाव हलवलं की मेलेली माणसंही हलवावी लागतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मलाही ते पोतं उघडल्यावरच कळलं.