उरलेली टेप

सदर बाजारातल्या टपरीएवढ्या दुकानात तो कोऱ्या कॅसेटवर लोकांना हवी ती गाणी भरून द्यायचा. बोलणं कमीच, पण बोटं सतत काउंटरवर ताल धरून. कॅसेटची बाजू संपताना दोन-तीन मिनिटं टेप उरली, की बाकीचे दुकानदार ती कुठल्याही सिनेमाच्या गाण्यानं भरत. हा इंग्लंडातल्या एका नवख्या बँडच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डमधलं गाणं भरायचा. हलकंफुलकं, गिटारचं, उतारावर सायकल सोडून द्यावी तसं.

"तिकडे बी कोणी ओळखत नाही यायले," तो मला म्हणायचा. "पोट्ट्यांची पहिलीच रेकॉर्ड आहे गा. आपण तं ऐकू."

लोक ऐकत नव्हते, कॅसेट परत आणत होते. एकदा एका बाईनं ती काउंटरवर आपटलीच. "भजन संपलं की हे काय केकाटून राहिलं? देवघरात लावतो आम्ही!" त्यानं खाली मान घालून तिच्यासमोरच ते गाणं पुसलं.

मे महिन्यात गेलो, तर ती रेकॉर्ड खिडकीत, भर उन्हात, पापडासारखी वाकडी झालेली.

"काहून ठेवली गा तिथं?"

"सावलीत होती तवा तरी कोण ऐकून राहिलं होतं?"

माझी कॅसेट भरत आली. शेवटी थोडी टेप उरली. सवयीनं त्याचा हात खिडकीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"दुसरं काही भर," मी म्हटलं.

त्यानं मशीन बंद केलं. "राहू दे कोरी. कोरी टेप कोणी परत आणत नाही."