बांगड्यांना चिंध्या बांधून

लग्न होऊन मी रिह्याला आले, तेव्हा गोठ्याला लागून असलेल्या पडवीत म्हशींच्या शेजारी एक मोटार उभी होती. तिला टप नव्हता, दारं नव्हती आणि बसायच्या जागी पेंढा भरलेलं पोतं होतं. आमचे हे आधी पुण्यात एका गॅरेजमध्ये फिटर होते. सासरे गेल्यावर भातखाचरं बघायला ह्यांना गावी परत यावं लागलं. गॅरेजमागं कुणीतरी विलायती गाडीचा सांगाडा टाकून दिला होता, तो हे इंजिनासकट घेऊन आले. घाटवळणापासून पुढं तो बैलांनी ओढला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या की लेक परत आला म्हणून आनंद करावा की ते लोखंड बघून डोकं धरावं, हेच त्यांना त्या दिवशी कळेना.

पुढची काही वर्षं शेतातून उरलेला सगळा वेळ त्या गाडीत गेला. गावच्या सुतारानं सागाची चौकट केली. मडगार्डचे आणि दारांचे पत्रे ह्यांनी स्वतः ठोकून वळवले. नाक लांब, पाठ उतरती. तशी दुसरी गाडी कुठंच नव्हती, कारण ती ह्यांच्या डोक्यातून निघाली होती. राहता राहिला रंग. तो पिकल्या जांभळाचा हवा होता आणि त्यात तोंड दिसायला हवं होतं.

त्या रंगापायी आमच्या घराचा जीव मेटाकुटीला आला. पहिल्यांदा तो श्रावणात मारला, जरा उघडीप मिळाली म्हणून. आमच्या खोऱ्यात पाऊस थांबला तरी ओल थांबत नाही. सकाळी बघतो तर जांभळ्यावर पांढुरकी साय धरलेली. मी फडक्यानं पुसायला गेले, पण ती वर नव्हतीच, रंगाच्या आतच होती. सगळा रंग खरवडून काढावा लागला. मग दिवाळीनंतर परत मारला, तर शेजारच्या खळ्यावर झोडणी सुरू झाली आणि ओल्या रंगावर भाताचं तूस येऊन बसलं. माघात एकदाचा नीट बसला, तो पुरता वाळायच्या आत कोंबडी बॉनेटवरून चालत गेली. हे कोंबडीवर चिडले, कोंबड्या पाळल्या म्हणून आत्याबाईंवर चिडले आणि खुराडं उघडं ठेवलं म्हणून माझ्यावर. मी खुराडं लावलं होतं. पण ते सांगून काही उपयोग नव्हता. बॉनेट तेवढं परत रंगवावं लागलं.

रंग वाळला म्हणजे काम संपलं, असं मला वाटायचं. तसं नसतं. तो पुढं घासावा लागतो. आधी बारीक पॉलिशकागद पाण्यात भिजवून, मग रबिंगचा लेप लावून, आणि सगळ्यात शेवटी मेणाचं पॉलिश. हे घासायला बसले. फाळ दाबून नांगर धरणारा हात तो, मडगार्डच्या कडेला इतका जोर लागला की जांभळा निघून खालचं राखाडी अस्तर दिसू लागलं. ह्यांनी फडकं भिरकावलं आणि ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

ते फडकं मी उचललं. प्रेमानं नाही, संतापानं. या गाडीचं एकदाचं होऊन जाऊ दे आणि या घरात दुसरं काही बोललं जाऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. पहिल्याच दिवशी माझ्या बांगडीचा बारीक ओरखडा दारावर उठला. मी बांगड्या उतरवायला लागले, तशा आत्याबाई चुलीपुढनं उठून आल्या.

"नवरा जित्ता हाय अन् बांगड्या काढतीस व्हय?"

"रंगाला लागत्यात, आत्या."

"लागू दे. रंग परत मारता येतोय."

मी हट्टानं तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनीच आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या आणि माझ्या दोन्ही मनगटांवर बांगड्या झाकतील अशा गुंडाळल्या. हात भाजल्यासारखे दिसत होते. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, काय झालं गं, आणि मी भरली घागर उचलून वाटेला लागायची.

भाकऱ्या झाल्या, म्हशींचं झालं की दव वाळल्यावर मी पडवीत जायची आणि वारं सुटायच्या आत बाहेर यायची, कारण वाऱ्याबरोबर धूळ यायची आणि तीच फडक्यात अडकून रंगावर रेघा ओढायची. मडगार्डची उघडी पडलेली कड तोवर ह्यांनी परत रंगवली होती. आपला हात कुठं जड पडतो ते मला हळूहळू कळायला लागलं. गोल गोल घासलं की उन्हात कोळ्याची जाळी दिसते, म्हणून मी गाडीच्या लांबीनंच हात न्यायची. डाव्या दाराखाली एक मळकट जागा होती. ती दुपारच्या उन्हातच दिसायची आणि काही केल्या जायची नाही. तांदूळ निवडताना, दळताना मला तीच दिसायची. हे म्हणायचे, "पुरं की आता." पण तोवर मलाच पुरं होत नव्हतं. याचाही मला राग यायचा.

एक दिवस त्या दारात माझं तोंड दिसलं. कुंकवासकट, थोडं पसरट. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी वाकून बघितलं, त्यातच बघून डोक्यावरची टोपी सारखी केली आणि इंजिनाकडं गेले.

पुण्यात काही हौशी मंडळींनी जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरवलं होतं. ह्यांना ते जुन्या गॅरेजमधल्या मित्राकडून कळलं. आम्ही दोघं पहाटे निघालो. पिरंगुटपर्यंत रस्ता मातीचाच होता, मैदानाजवळ पोचलो तेव्हा गाडी जांभळी आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. एका झाडाखाली थांबून मी ती ओल्या फडक्यानं टिपून काढली. घासायची नाही, टिपायची. ह्यांना घाई झाली होती. "आवर," "आवर," एवढंच चाललं होतं.

बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ गाड्या तपासत होते. ते आमच्यापाशी आले, गाडीभोवती फिरले.

"ही बॉडी कंपनीची नाही."

"न्हाई साहेब. मी केलीय."

"मग बक्षिसाला धरता येणार नाही. आम्ही फक्त मूळच्या गाड्या धरतो."

ह्यांचा चेहरा उतरला. गृहस्थ पुढं निघाले होते, पण डाव्या दाराशी थबकले. वाकले, मान तिरकी करून पत्र्याच्या अंगानं बघितलं.

"पॉलिश कुणी केलं हे? एवढं साफ काम मी मुंबईतही बघितलेलं नाही."

मी तिथंच उभी होते. पदर डोक्यावर नीट घेतला आणि वाट बघितली.

"हाय एक कारागीर," हे म्हणाले. "आमच्या तिकडचाच."

गृहस्थांनी आमच्या गावाचं नाव विचारून घेतलं आणि गेले.

परतीच्या वाटेवर मी पिरंगुट मागं पडू दिलं. मग विचारलं, "त्या कारागिराचं नाव काय हो?"

"कंच्या?"

"गाडी घासणाऱ्या."

ह्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "गाडी धरली न्हाई त्यांनी. वर बायकूकडनं घासून घेतली म्हणून सांगू? हसली असती समदी."

"हसली असती तर मला हसली असती."

"तुला न्हाई. मला."

घरी आलो. मी चिंध्या सोडून चुलीत घातल्या आणि गाडीला हात लावायचं सोडून दिलं. हे स्वतः घासायला लागले. जाळी उठली. ती मला ओसरीवरूनही दिसायची, पण मी उठले नाही.

उन्हाळा लागला तेव्हा तेच गृहस्थ आपली काळी मोटार घेऊन रिह्याला आले. कारागिराची चौकशी करत थेट आमच्या दारात. हे भांबावले. "बसा तरी," म्हणत इकडं तिकडं करू लागले. आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना पुण्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"कारागीर कसला?" त्या म्हणाल्या. "आमच्या सुनंनं घासलीय ती."

गृहस्थ हसले. मग माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि हसायचे थांबले. चहा घेतला. त्यांच्या गाडीच्या दारावर जाळी होती, अगदी आमच्यासारखीच, आणि ती कशी काढायची हे मला माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते उठले.

"घरच्या बाईंना कशाला त्रास? बघतो मी पुण्यातच कुणीतरी."

बोलले अगदी नम्रपणानं. त्यामुळं चिडताही येईना.

गाडी वळणाआड गेल्यावर हे म्हणाले, "बघितलंस? म्हणून म्हणत हुतो."

"आत्या बोलल्या. तुमी का न्हाई बोललासा?"

हे टोपी झटकून गोठ्याकडं गेले. पण त्यानंतर कुणी विचारलं की हे "घरचंच काम हाय" म्हणू लागले. बोलण्यातनं तो कारागीर गेला, एवढा फरक पडला.

पुढं कित्येक वर्षं ती गाडी नवरा-नवरी मिरवायला लग्नांना जात राहिली, कधी पौडाला, कधी ताम्हिणीकडं. हारांच्या तारांचे ओरखडे घेऊन यायची. मला ते बघवेनात, म्हणून दर साल सुगी उरकली की मी पुन्हा घासायला बसू लागले. नाराजी गेली होती म्हणून नव्हे.

गाडी विकायची ठरली, तेव्हा घेणारा माणूस मडगार्डवरून हात फिरवत म्हणाला, "रंग कुणी राखला हो इतका?"

ह्यांनी बोलायच्या आत मी म्हणाले, "मी."

तो ह्यांच्या तोंडाकडं बघू लागला. ह्यांनी बॉनेट वर उचललं.

"रंगाचं काय घेऊन बसलाय," हे म्हणाले, "आधी इंजिन बघा."